डायरीत २२४ तास, काउंटरवर ७१

काका डायरी घेऊन आले होते. दोनशे पानी, वरती गणपतीचा फोटो, आत पोराने पट्टीने रकाने आखून दिलेले, तारीख, सुरू किती वाजता, बंद किती वाजता, एकूण. २८ दिवस आणि प्रत्येक ओळीत शेवटी आठ, आठ, आठ. मी खूश झाले, इतकं शिस्तीत कोण करतं आपल्याकडे, आणि मग मोडलेलं हाड जुळावं म्हणून रोज पायाला लावायचं ते भाड्याचं मशीन सहज हातात घेतलं आणि मागचं छोटं बटण दाबून धरलं की एकूण तास दिसतात ते बघितलं तर तिथे ७१. परत दाबलं, ७१च. काकांकडे बघितलं तर ते माझ्याकडे असे बघत होते की मीच काहीतरी मोडलंय.

तर ही त्या काकांची केस. मी फिजिओथेरपिस्ट आहे, धनकवडीत छोटं क्लिनिक आहे, काका कात्रजचे, वय ५२, रिक्षा चालवतात. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव नको म्हणाले.

जुलै २०२३, पाऊस चालू, कात्रज-कोंढवा रोडला रिक्षा कडेला लावून मागचं चाक बघायला उतरले आणि मागून बाईक येऊन थेट उजव्या नडगीवर. दोन्ही हाडं गेली, नडगीचं मोठं हाड वरून साधारण दोन तृतीयांश खाली आणि बाजूचं बारीक हाड थोडं वर. समोर जेमतेम एक सेंटीमीटरची जखम, म्हणजे ओपनच (कातडी फाटून हाडापर्यंत गेलेलं) पण सगळ्यात कमी ग्रेडचं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, टायटॅनियमचा रॉड, वर दोन स्क्रू खाली दोन स्क्रू. टाके सुकले, जखम छान भरली, गणपतीत वॉकरवर होते, दिवाळीत एका कुबडीवर. आणि तिथेच थांबले. डिसेंबरच्या मध्यावर पाच महिने झाले तरी पाय टेकला की आतून कळ, आणि एक्सरेत फ्रॅक्चरची रेघ अशी स्पष्ट की काकू म्हणाल्या हा जुनाच फोटो दाखवताय का.

ही जागाच वाईट आहे हे आधी सांगते. नडगीच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, कातडी आणि लगेच हाड, मध्ये मांसच नाही. हाडाला आतून रक्त देणारी मुख्य नळी वरच्या बाजूने शिरते आणि खाली येते, फ्रॅक्चर झालं की खालच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो, त्यात रॉड घालायला आतली पोकळी बहुतेक वेळा कोरतात म्हणजे राहिलेलं आतलं रक्तही काही आठवडे कमी. मांडीचं हाड असं रुसत नाही सहसा, त्याच्याभोवती स्नायूंचा गठ्ठा असतो. त्यात काकांचं बारीक हाड केव्हाच जुळून गेलेलं. ऐकायला चांगलं वाटतं पण ते जुळलं की खांबासारखं उभं राहतं आणि मोठ्या हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबले जायला हवेत ते दाबलेच जात नाहीत.

एक्सरेवरून मोजायची एक साधी पद्धत आहे, रस्ट स्कोर म्हणतात. दोन बाजूंनी फोटो, हाडाच्या चार भिंती, प्रत्येक भिंतीला १ ते ३ मार्क. रेघ दिसते आणि नवीन हाड नाही तर १, नवीन हाड दिसतंय पण रेघही दिसते तर २, रेघ गायब तर ३. म्हणजे कमीत कमी ४, पूर्ण जुळलं तर १२. काकांचे डिसेंबरमधले मार्क ५. मागच्या भिंतीला जरा धूसर ढगासारखं काहीतरी, बाकी तीन कोऱ्या.

सर्जननी सगळं नीट तपासलं होतं, त्यांचं मला आवडलं. सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या नॉर्मल म्हणजे आत इन्फेक्शनची शक्यता कमी. साखर बॉर्डरवर. व्हिटॅमिन डी ११ म्हणजे बरंच कमी, हे पुण्यातल्या उन्हात दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या माणसाचं, पण पाच महिने घरात बसला की काय होणार. फटीची रुंदी दोन-तीन मिलिमीटर, रॉड जागेवर, स्क्रू शाबूत, पाय सरळ. त्यांनी तीन रस्ते सांगितले: एका टोकाचे स्क्रू काढून तुकडे एकमेकांवर बसू द्यायचे, नाहीतर रॉड बदलून जाड रॉड आणि कमरेच्या हाडातून काढलेलं हाड भरायचं, नाहीतर तीन महिने पीईएमएफ मशीन (पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड, चालू-बंद होणारं चुंबकीय क्षेत्र) लावून बघायचं आणि मग ठरवायचं. पाच महिन्यांना नॉन-युनियन, म्हणजे हाड जुळायचं थांबलंच, असं म्हणत नाहीत, औषधं आणि मशीनना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची जुनी व्याख्या नऊ महिने आणि त्यातले शेवटचे तीन महिने काहीच प्रगती नाही अशी आहे, काकांचं होतं ते डिलेड युनियन, म्हणजे उशीर, नकार नाही. ऑपरेशन म्हटल्यावर काका पांढरेफटक, आणि मशीनचं तीन महिन्यांचं भाडं साधारण त्यांच्या पंधरा दिवसांच्या गल्ल्याएवढं, त्यामुळे मशीन ठरलं. मशीन माझ्या ओळखीतून आणलं आणि लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आता मशीन म्हणजे काय ते, कारण लोकांच्या डोक्यात हे आणि चुंबकाचा पट्टा एकच असतं. काकांच्या मेव्हण्यांनी आधीच चुंबकाचा बेल्ट आणून दिलेला होता, गुडघ्याला बांधतात तो. चुंबकाने नुसतं बसून राहून काही होत नाही, चुंबकीय क्षेत्र बदललं तरच आत करंट तयार होतो, हे दहावीच्या विज्ञानात फॅरेडेच्या नावाने शिकलोय आपण सगळे. पीईएमएफमध्ये तारेच्या गुंडाळीतून करंट सोडतात आणि बंद करतात, सोडतात आणि बंद करतात, आमच्या मशीनमध्ये सेकंदाला १५ वेळा छोटासा झुबका, प्रत्येक झुबक्यात बारीक बारीक पल्स. क्षेत्र एक-दोन मिलिटेस्लाच्या आसपास, फ्रिजवर चिकटवायचा चुंबक जवळून बघितला तर याहून जोरकस असतो. पण हे बदलतं म्हणून हाडात एका सेंटीमीटरला एक-दोन मिलिव्होल्ट इतकं विद्युत क्षेत्र उमटतं. इतकंच. गरम होत नाही, मुंग्या येत नाहीत, आवाज नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यामुळेच घोळ झाला.

ही कल्पना आली कुठून तर हाडातूनच. १९५७ मध्ये जपानमध्ये फुकादा आणि यासुदा या दोघांनी दाखवलं की कोरडं हाड वाकवलं की त्यात वीज तयार होते. नंतर कळलं की जिवंत ओल्या हाडात बरीचशी वीज हाडातल्या सूक्ष्म नळ्यांमधून द्रव ढकलला जातो त्यातून येते, पण मुद्दा तोच, हाडावर भार पडला की ते स्वतःची वीज स्वतः करतं आणि पेशींना कळतं की इथे काम आहे. मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले बॅसेट आणि त्यांचे सहकारी, त्यांनी १९७४ मध्ये बाहेरून गुंडाळी लावून तीच वीज आत उमटवायचा प्रयोग छापला आणि १९७९ मध्ये एफडीएने न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा मशीनला मान्यता दिली. म्हणजे हे कालचं फॅड नाही, माझ्या वयापेक्षा जुनं आहे.

पण जुनं म्हणजे सिद्ध असंही नाही. १९८४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बार्कर आणि मंडळींनी छापलं, १६ पेशंट, नऊ जणांना खरं मशीन आणि सात जणांना खोटं, म्हणजे दिसायला तसंच पण काही न सोडणारं, खऱ्यातले पाच जुळले आणि खोट्यातलेही पाच. झालं का आता. मग १९९० मध्ये शॅरार्ड, नडगीचे ४५ उशिराचे फ्रॅक्चर, खऱ्या मशीनचे २० पैकी ९ जुळले आणि खोट्याचे २५ पैकी ३. २००३ मध्ये सिमोनिस, ३४ पेशंट, खरं १८ पैकी १६, खोटं १६ पैकी ८, आणि यात गंमत अशी की सगळ्यांचंच बारीक हाड आधी कापून मोकळं केलं होतं, वर सांगितलं ना तो खांब, तो काढल्यावर खोट्या मशीनवरही निम्मे लोक बरे झाले. २०१६ मध्ये हाडाला वीज देणाऱ्या वेगवेगळ्या मशीनच्या पंधरा चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा एक्सरेवर न जुळण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला, दुखणं थोडं कमी, पण हिंडणं-फिरणं सुधारतं असं काही दिसलं नाही. मी काकांना हे असं नाही सांगितलं अर्थात, मी म्हटलं, फायदा होऊ शकतो, नक्की नाही, तोटा नाही, आणि तास भरले नाहीत तर भाडं वाया. काका म्हणाले तास मी भरणार मॅडम, रिक्षाचं मीटर बघायची सवय आहे.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं, रोज आठ तास, शक्यतो झोपेत. सुरू करायच्या आधी पेसमेकर आहे का हे विचारायचं असतं, पेसमेकरवाल्या माणसाला हे लावत नाहीत. काकांना नाही पण काकांच्या आईला आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात आजी आणि काका आतल्या खोलीत शेजारी शेजारी झोपतात. दोन हातांवर काही होत नाही खरं तर, क्षेत्र झपाट्याने कमी होतं, पण उगाच कशाला, मी म्हटलं काका तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा. हा सल्ला मी दिला. स्वतःच्या तोंडाने.

आता ते ७१ तास.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले संध्याकाळी. काका गादीवर, पायाला कॉइल म्हणजे ती तारेची गुंडाळी, मशीनचा अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डात आणि बोर्डाची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डात. मशीन चालू, हिरवा दिवा. मी चहा घेत बसले. काकूंशी बोलता बोलता विचारलं की रात्री हा दिवा डोळ्यांवर येत नाही का, तर काकू म्हणाल्या छे, मी झोपायच्या आधी सगळी बटणं बंद करते ना, टीव्हीचं, चार्जरचं, उगाच बिल कशाला. सगळी म्हणजे सगळी. साडेदहा-पावणेअकराला काकू रोज त्या खोलीचा बोर्ड खाली करत होत्या आणि काका आठ वाजता मशीन लावून साडेनऊला घोरत असत, सकाळी काकू उठल्या की बटणं वर, काका उठले की हिरवा दिवा चालू, डायरीत आठ तास. कोणीच खोटं बोललं नव्हतं. आत काही जाणवतच नाही तर माणसाला कळणार कसं की बंद पडलंय? भाजत असतं, चिमटे बसत असते तर पहिल्या रात्री कळलं असतं. रोजचे सरासरी अडीच तास भरत होते.

आणि तास हा काही किरकोळ मुद्दा नाही. १९९१ मध्ये गारलंड यांनी न जुळलेल्या फ्रॅक्चरचे बरेच पेशंट मागोवा घेऊन बघितले, ज्यांनी सरासरी तीन तासांपेक्षा कमी वापरलं त्यांच्यात यश ३५.७ टक्के आणि ज्यांनी तीनपेक्षा जास्त वापरलं त्यांच्यात ८० टक्के. त्यात खोट्या मशीनचा गट नव्हता आणि जो माणूस मशीन नियमित लावतो तो गोळ्याही वेळेवर घेतो आणि तंबाखूही कमी खातो, त्यामुळे सगळं श्रेय तासांना देऊ नये असं माझं मत, पण अडीच तासांवर बसून निकालाची वाट बघण्यात अर्थ नव्हता हे तर खरंच.

काकू इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं काकू चूक माझी, प्लग कुठे आहे ते मी बघायला हवं होतं.

दुसरी गोष्ट पोराने शोधली. तो डिप्लोमा करतो इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याने जुन्या स्टॅबिलायझरमधल्या रिलेची बारीक गुंडाळी काढली, तिची दोन टोकं जुन्या इअरफोनच्या वायरला जोडली आणि मशीन चालू असताना पायाजवळ धरली. टर्रर्र असा आवाज, एकसारखा, रातकिड्यासारखा. मला कानाला लावून दिलं त्याने, म्हणाला मॅडम हे ऐका, आणि ती गुंडाळी नडगीवरून हळूहळू वर सरकवत गेला. घोट्याच्या वर चार बोटं, जोरात टर्रर्र. अजून वर, कमी. फ्रॅक्चरच्या जागी, जिथे मला बोटाखाली ती जाडसर गाठ लागते, तिथे आवाज निम्म्याहून कमी. वेल्क्रोचा पट्टा सैल, काकांची पोटरी खाली निमुळती, कॉइल रोज रात्री घसरून घोट्याशी जाऊन बसत होती. म्हणजे जे अडीच तास मिळत होते तेही अर्धेमुर्धे चुकीच्या जागी. मी एक्सरे समोर ठेवून गुडघ्याच्या वाटीपासून अंतर मोजलं, पक्क्या मार्करने कातडीवर आडवी रेघ मारली, कॉइलचा मध्य या रेघेवर, आणि खाली क्रेप बँडेजचं वेटोळं अडकण म्हणून. आंघोळीनंतर रेघ परत मारायची, हे काम पोराकडे.

सर्जनना फोन केला. ते वैतागले थोडे, मग हसले, म्हणाले महिना धरू नका, आजपासून नव्वद दिवस. तेव्हाचा एक्सरे ६ मार्क.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, ती मशीनची नाहीच. माझ्याकडे बाथरूममध्ये ठेवायचा साधा वजनकाटा आहे. काकांना म्हटलं डावा पाय पाटावर, उजवा काट्यावर, आणि जेवढा भार देता तेवढा द्या. काकांचं वजन ७१ किलो. काटा दाखवतोय १४. अजून द्या म्हटलं. १५, आणि चेहरा असा की आता हाड बाहेर येणार. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनीच सर्जननी लिहून दिलं होतं की झेपेल तसा पूर्ण भार द्या, पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणाचातरी रॉड तुटला होता म्हणे, तेव्हापासून काका पंजा टेकवून चालत होते, टाच जमिनीला लागतच नव्हती. विचार करा, भार पडला की हाड स्वतःची वीज करतं म्हणून हे मशीन निघालं, आणि आपण नक्कल भाड्याने आणली आणि अस्सल बंद ठेवलं.

मग रोज सकाळी काटा. काटाही त्यांना घरी देऊन टाकला. आठवड्याला पाच किलो वाढवायचे, दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. हे काकांना फार आवडलं कारण आकडा दिसतो. मशीन काहीच सांगत नाही, काटा लगेच सांगतो. मशीनचे तास फोडून टाकले, दुपारी जेवल्यावर तीन, संध्याकाळी टीव्हीसमोर दोन, उरलेले रात्री, आणि त्या स्विचवर पोराने लाल चिकटपट्टी लावली.

बाकीचं पटकन सांगते. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. तंबाखू-चुना दिवसाला आठ-दहा वेळा होता तो दोनवर आला असं काका म्हणतात, काकू म्हणतात चार, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि हाडाला तेच नको असतं. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू होती, तीही बंद, त्या जातीच्या गोळ्या हाड भरण्याच्या कामात आड येऊ शकतात. आजी कांडवेलीची, म्हणजे हाडजोडीच्या वेलाची, चटणी करून घालत होत्या, ती मी चालू ठेवू दिली, आजींशी कोण भांडणार.

मे २०२४, अपघाताला दहा महिने. आतली भिंत ३, बाहेरची ३, मागची २, पुढची २. एकूण १०. काट्यावर उजव्या एका पायावर ६० च्या पुढे. कळ नाही, संध्याकाळी जरा ठणका. सर्जन म्हणाले ऑपरेशन नको, स्क्रूलाही हात लावायला नको. पुढच्या भिंतीची रेघ अजून दिसतेच आहे, ती कदाचित बरेच महिने दिसेल.

मग घरात श्रेयाची वाटणी सुरू झाली. आजी म्हणाल्या कांडवेल. पोरगा म्हणाला फ्रिक्वेन्सी. मेव्हणे म्हणाले बेल्टही थोडा वापरला होता हं. काका माझ्याकडे बोट दाखवून वजनकाटा म्हणाले. मी फाईलमध्ये लिहिलं ते असं: पीईएमएफ, भार, व्हिटॅमिन डी, तंबाखू आणि गोळी कमी, हे सगळं एकाच महिन्यात सुरू झालं, शिवाय दहा महिन्यांत काही हाडं आपणहूनही जुळतात, त्यामुळे कशाने किती हे या एका पायावरून सांगता येणार नाही. मशीनवाल्याला हवा होता तसा 'मशीनने ऑपरेशन टळलं' असा कागद मी दिला नाही. तो नाराज आहे. पुढचा असाच पेशंट आला तर मी मशीन सुचवेन का? फट बारीक असेल, इन्फेक्शन नसेल, रॉड पक्का असेल तर हो सुचवेन, पण आधी काटा काढेन आणि घरी जाऊन प्लग बघेन. फट एक सेंटीमीटरच्या वर असेल किंवा आत हाड हलत असेल तर नाही, तिथे गुंडाळी लावून वेळ काढणं म्हणजे पेशंटचे पैसे आणि महिने दोन्ही घालवणं.

रिक्षाचं एक राहिलं होतं. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने. काटा भिंतीला उभा टेकवला, काकांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं समोर म्हातारी आडवी आलीय असं समजून दाबा. पहिल्यांदा २२, मग ३१, मग ३८ आणि काटा भिंतीवरून घसरून पडला. जूनमध्ये सकाळची दोन तासांची फेरी सुरू केली, फक्त शाळेची पोरं, कात्रज ते बालाजीनगर.

मशीन परत द्यायला काकाच रिक्षाने घेऊन आले मला. मीटर टाकलं नाही. काउंटरवर ६५२ होते, म्हणजे फेब्रुवारीपासूनच्या नव्वद दिवसांत ५८१, रोजचे साडेसहाच्या आसपास, आठ नाहीतच. पुढच्या पेशंटला देताना आकडा शून्य करतात, म्हणून त्याआधी मी फोटो काढून घेतला आणि डायरीच्या शेवटच्या पानावर चिकटवायला पोराला पाठवला.